तारेवरचं गाणं

आमच्या भजनाले मलकापूरच्या कॉलेजातले एक सर येतात. बोलायच्या आधी चष्मा पुसतात, मंग म्हणतात, "म्हणजे कसं..."

परवा मंडळातले पोट्टे मले म्हणाले, "आजा, आता कीबोर्ड आणला. एकतारी घरी ठेवा."

मी एकतारी उचलून चपला घातल्या.

सरांनी चष्मा पुसला अन् पोट्ट्यांले म्हणाले, "म्हणजे कसं, ग्रीक लोकांचं लायर नावाचं तारांचं वाद्य होतं. त्यावर गायच्या कवितेला लिरिक म्हणू लागले. कवितेला नावच तारेनं दिलं. मग तार घरी कशी ठेवता?"



"ग्रीकांले काऊन पुसता? मले पुसा ना!" असं म्हणून मी चपला काढल्या अन् एकतारी लावली.

सर माझ्यामागं गायले, तेही इतके बेसूर, की दुसरा असता तं उठवलाच असता. त्यांले गाऊ दिलं.