पन्नासाव्या दिवशी चढणाऱ्या माश्या

म्बारारा शहरातल्या एका प्रयोगशाळेत कोबुगाबे बारा वर्षं फळमाश्यांसाठी स्वयंपाक करत होती. मक्याचं पीठ, यीस्ट आणि साखरेची लापशी शिजवून ती लहान बाटल्यांत ओतायची. दर दोन दिवसांनी माश्या नव्या बाटलीत हलवायची आणि मेलेल्या किती ते वहीत लिहायची.

बाजारातल्या बायका म्हणायच्या, "आम्ही केळ्यांवरच्या माश्या हाकलतो, आणि ही बया त्यांना जेवू घालते."

"तुमच्या नवऱ्यांपेक्षा बऱ्या. नावं न ठेवता खातात."

त्या वर्षी प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉ. मुहवेझींनी नवा प्रयोग मांडला. अन्नातून शक्ती काढताना शरीर स्वतःच एक पदार्थ बनवतं, आणि वय वाढतं तसा तो आटत जातो. तोच पदार्थ निम्म्या माश्यांच्या लापशीत घालायचा. बाटल्यांना लाल आणि निळ्या पट्ट्या लावल्या होत्या. कुठल्या रंगात काय, हे कोबुगाबेला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

पन्नासाव्या दिवशी तिनं लाल पट्टीची बाटली टेबलावर हलकेच ठोकली. माश्या तळाशी पडल्या आणि तिथंच धडपडत राहिल्या. या वयाच्या माश्यांचं असंच होतं. मग तिनं निळी ठोकली. त्याही पडल्या, पण उठून काचेवरून वर चढू लागल्या. सावकाश, पण चढल्या. बारा वर्षांत तिनं असं पाहिलं नव्हतं. बाटली तिला हातातून ठेववेना.

डॉक्टरांनी आकडे पाहिले. "मावशी, रोज बघून एखाद्या रंगावर तुमचा जीव जडला असेल."

"माशीवर कसला जीव जडतो?"

"जडतो. पुन्हा करू."

दुसऱ्या खेपेला पन्नासाव्या दिवशी निळ्या तळाशी राहिल्या आणि लाल चढल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, मागचेच आकडे उतरवले असते तर कळलंही नसतं. पण दिसलं तेच तिनं लिहिलं आणि वही घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"मागच्या वेळी माझंच चुकलं असणार. आता लाल चढतायत. कामावरून काढायचं तर काढा."

डॉक्टरांनी वही दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "मावशी, या खेपेला मी पट्ट्यांची अदलाबदल केली होती. तुम्हाला न सांगता."

दोन्ही खेपांना तो पदार्थ खाल्लेल्याच माश्या चढल्या होत्या, हे उमगायला तिला वेळ लागला. मग ती न विचारताच खुर्चीत बसली.

"म्हणजे म्हातारपण लांबवता येतं?"

"माशीचं, थोडंसं. माणसाचं मला ठाऊक नाही."

ऐंशीव्या दिवशी लाल पट्टीच्या बाटलीत एकच माशी उरली होती. कोबुगाबेनं भिंग धरलं. पंखांच्या कडा झिजल्या होत्या, तरी ती पुढच्या पायांनी डोळे पुसत होती, तरण्या माशीसारखी. त्या दिवशी कोबुगाबेला बाटली ठोकवेना. माशी आपणहून काचेवर चढू लागली. अर्ध्यावर थांबली, मग पुन्हा निघाली. बाटलीच्या तोंडाशी लावलेल्या कापसाच्या बोळ्याला ती टेकेपर्यंत कोबुगाबे जागची हलली नाही.