स्वतःची प्रत

भिलाईला कुरुदकडच्या मोहल्ल्यात जाऊन प्रेमानंद रामटेके कुठे राहतात असं विचाराल, तर लोक डोकं खाजवतील. 'प्रतवाले काका' म्हणा, हातातलं काम टाकून घरापर्यंत आणून सोडतील.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी पोलाद कारखान्यात लागले, रेल मिलमध्ये सबंध नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर इथेच घर बांधलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस, पण सव्वीस जानेवारी आली की त्यांच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. बाकी जनता त्या दिवशी काय करते ते आपल्याला ठाऊक आहे. जिलेबी खाते, मोबाइलवर तिरंगा पाठवते आणि दुपारी ताणून देते. काका मात्र इस्तरीचा पांढरा सदरा घालून विहारासमोरच्या पटांगणात सगळ्यांच्या आधी हजर. झेंडा फडकला की संविधानाची उद्देशिका म्हणायची ती त्यांनी, आणि तीही मराठीत. ऐकायला छत्तीसगढी शेजारी असत, बिहारी भाडेकरू असत, पण कुणी कधी कुरकुर केली नाही. म्हणून झाली की काका पिशवी उघडत आणि घरामागे एक अशी उद्देशिकेची छापील प्रत वाटत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. देताना वाक्य ठरलेलं: "घ्या, हे तुमची प्रत. सरकारनं देल्ली."

हा उद्योग त्यांना सांगितला कुणी? त्यांच्या मते, खुद्द संविधानाने. लहानपणी नागपूरहून आलेल्या एका पत्रकावरून त्यांनी उद्देशिका पाठ केली होती. हे संविधान आम्ही 'स्वतःप्रत अर्पण करीत आहोत', हे तिचं शेवटचं वाक्य त्या पत्रकात नेमकं भलत्या जागी तुटलं होतं. एका ओळीच्या शेवटी 'स्वतः' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला 'प्रत अर्पण करीत आहोत'. प्रत म्हणजे कॉपी, हे काय कुणी सांगायला हवं? सरकार ज्याला त्याला स्वतःची प्रत देणार, असा सरळ अर्थ त्यांनी लावला आणि तो डोक्यात घट्ट बसला. ज्या बापाला गावच्या विहिरीवर पाणी भरता आलं नाही, त्याच्याही वाट्याची एक प्रत दिल्लीत निघाली आहे, या विचाराने त्यांना तेव्हा रडू फुटलं होतं. पण दिल्लीहून कुरुदपर्यंत एवढ्या प्रती पोचवणार कोण? म्हणून मोठेपणी ते काम त्यांनी अंगावर घेतलं. सरकारचा बिनपगारी पोस्टमन म्हणा ना, आणि त्या पोस्टमनकीचा त्यांना केवढा अभिमान.

यंदा त्यांची नात दीक्षा हट्टाला पेटली. जुनवानीकडच्या कॉलेजात जाणारी ही मुलगी घराबाहेर मराठीचा शब्द काढत नाही, पण या वर्षी तिला आजोबांशेजारी उभं राहून उद्देशिका मराठीतून म्हणायची होती. काका हरखून गेले. आदल्या दुपारी ते एकेक ओळ सांगत आणि ती मागून म्हणे. शेवटच्या वाक्याला ती अडली, कागद उलटून हिंदी वाचू लागली आणि मग तिने विचारलं की तुम्ही 'स्वतः' म्हणून मध्येच थांबता कशाला. काकांनी मोठ्या उमाळ्याने तिला प्रतीचं सगळं समजावून सांगितलं.

दीक्षा हसली नाही, हे तिचे उपकार. ती हळूच म्हणाली, "आजोबा, वो एकच शब्द हाय. स्वतःप्रत. मतलब स्वतःले. हिंदीत देखो ना, आत्मार्पित. खुद को दिया."

"कोनं देल्लं?"

"आपन. ऊपर लिखा तो है, आम्ही भारताचे लोक."

"आन घेतलं कोनं?"

"आपनच."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. इतकी वर्षं भर पटांगणात आपण लोकांना खोटं सांगत आलो, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रतींची पिशवी त्यांनी कपाटात ठेवून दिली आणि उद्यापासून वाटप बंद, असं घरात सांगून टाकलं. कोणत्या तोंडाने द्यायच्या? त्यांची बायको रुक्माबाई चहा घेऊन आली, तर चहाही तसाच राहिला.

पण ते वाक्य काही पाठ सोडेना. ओट्यावर बसून काका ते पुटपुटत राहिले, या वेळी न थांबता, एका दमात. त्यांना आजवर वाटे की वर कुणीतरी मोठा दाता आहे आणि आपली ओंजळ खाली आहे. दुसऱ्याने दिलेलं असलं की देणारा हात आखडूही शकतो, ही धास्ती त्यांच्या मनातून कधीच गेली नव्हती. आणि इथे तर वर कुणी नव्हतंच. मग त्यांना बाप आठवला. विहिरीपासून लांब, कुणी पाणी घालील म्हणून रिकामी घागर घेऊन उभा राहणारा तो माणूस घेणाऱ्यांत नव्हता, देणाऱ्यांत होता. एवढी मोठी गोष्ट आपण दरवर्षी तोंडाने म्हणत होतो आणि आपल्याला तिचा पत्ताच नव्हता, याचं काकांना इतकं नवल वाटलं की लाजही मागे पडली. ते उठले आणि पिशवी बाहेर काढली.

सकाळी झेंडा फडकला. आजोबा-नातीने उद्देशिका म्हटली आणि काकांनी आपली चूक चारचौघांत सांगून टाकली. प्रत सरकारने दिलेली नाही, एवढं बोलून त्यांनी वाटायला सुरुवात केली. पहिला आला तो हिरालाल, रेल मिलमधला जुना सोबती. काका त्याच्यापुढे चक्क वाकले, हात जोडले.

"घे हिरालाल. तुहीच हाय. तूनंच देल्ली होती."

हिरालाल गोंधळला, पण त्याने प्रत घेतली ती नेहमीसारखी कपाळाला न लावता, ताठ उभं राहून. मग एकेक जण येत गेला, भाडेकरू आले, गल्ली झाडणारी मथुरा आली, आणि काका प्रत्येकापुढे तसेच वाकले.

रुक्माबाई दरवर्षीप्रमाणे मागे बुंदीच्या पातेल्यापाशी होत्या. प्रत घरामागे एक, त्यामुळे त्यांना वेगळी कधी मिळालीच नव्हती. काका गर्दीतून वाट काढत तिथवर गेले आणि बायकोपुढे हात जोडून उभे राहिले.

"हे काय करून राहिले तुमी? मले कावून हात जोडता?"

"देनाऱ्यायत तू बी हायस."

"माह्यं नाव हाय का त्याच्यात?"

"नाव कोनाचंच नाई. नुस्तं 'आम्ही' हाय."

रुक्माबाईंनी पदराला हात पुसले आणि कागद घेतला. पहिल्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला, मग पुन्हा वाचला. मग झारा दीक्षाच्या हातात देऊन त्या माणसांमधून पुढे गेल्या आणि झेंड्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.