चार दिव्यांची बॅटरी

दारं बसवणाऱ्या माणसाचं काम मोठं विचित्र. दार नीट लागलं तर त्याची आठवण कुणाला येत नाही. फरशीला घासलं, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. धाकटा वीस वर्षं हेच काम करत होता. आधी तो आणि त्याचा दादा, दोघं मिळून. एकाने दार तोलून धरायचं, दुसऱ्याने स्क्रू मारायचे. सदान्‌कदा एकमेकांना चिकटलेले, म्हणून साइटवर या जोडीला ‘बिजागरी’ म्हणत. पुढे दादा तिसऱ्या मजल्यावर परांचीवरून पडला, कमरेखालचं अंग गेलं, आणि ते नाव एकट्या धाकट्याकडे राहिलं. अर्ध्या बिजागरीवर दार उभं राहत नाही, हे नाव ठेवणाऱ्यांना कोण सांगणार?

दादाची जीभ मात्र पडली नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या तो सगळ्यांची हजेरी घ्यायचा. डॉक्टरांचीसुद्धा. डॉक्टर म्हणाले होते, "तुम्हाला खाली काही जाणवत नाही, म्हणून जपायला हवं. एका जागी भार पडून राहिला की कातडी मरते, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही." ते खरंच होतं. माकडहाडावर एक जखम झाली होती, ती भरायला सात महिने लागले. आता नखाएवढी उरली होती. "ही पुन्हा उघडली तर हाडापर्यंत जाईल," डॉक्टर दाराशी उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले होते, "मग माझ्या हातात फार काही नाही." दार धाकट्यानेच बसवलेलं, पण पातळ होतं. दादाने सगळं ऐकलं.

म्हणून हवेची गादी आली. एक पट्टी फुगते, शेजारची बसते. दहा मिनिटांनी उलट. तिचा पंप खाटेच्या पायथ्याशी टांगलेला, दादाचा हात पोचणार नाही अशा जागी. पंप चालतो विजेवर, आणि वीज त्या गल्लीत जावयासारखी वागायची. कधी येईल, कधी रुसून जाईल, काही नेम नाही.

तोड दादानेच काढली. दोघा भावांची हत्यारं एकाच कंपनीची, सगळी बिनवायरची. त्याच बॅटऱ्या खोचून चालणारी एक पेटी मिळते. तीन बॅटऱ्या मागे बसवायच्या, पुढे घरातल्यासारखं सॉकेट. वीज गेली तरी गादीचा पंप आणि टेबलफॅन चालतात. दादाने आपली टेबल-करवत विकायला लावली आणि पेटी आणवली. करवत गेली त्या दिवशी धाकटा हिरमुसला, तर दादा म्हणाला, "तिच्यापुढे उभं कोण राहणार होतं? तुला तर सरळ रेघ दिसत नाही." वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. दादा पुन्हा उभा राहणार नाही, हे घरात त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं.

बॅटऱ्या सहा होत्या. तीन जाड आणि चांगल्या, दादाच्या. तीन बारक्या, धाकट्याच्या, मजल्यांवरून पडलेल्या, पावसात भिजलेल्या. दादा म्हणाला, चांगल्या कामाला जाऊ देत. वहिनी एरवी कमी बोलायची, पण तेव्हा तिने ठामपणे सांगितलं, "चांगल्या घरात राहतील." तसंच ठरलं. मग धाकट्याचे हाल सुरू झाले. एका दाराचे स्क्रू होतात न होतात तोच ड्रिल कण्हायला लागायचं. नव्या इमारतीत अजून वीज नाही. चार्जर खाली, वॉचमनच्या खोलीत; काय ती वीज तिथेच. पाच मजले उतरा, पाच मजले चढा. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी गत.

आणि त्या बारक्या बॅटऱ्या वर मोठ्या लबाड. बटण दाबलं की पूर्ण भरल्याच्या खुणेचे चारच्या चार दिवे हसून दाखवायच्या. दादाने धाकट्याला हे फार पूर्वी शिकवलं होतं. "दिव्यांवर जाऊ नको. दिवे थापा मारतात. म्हाताऱ्याला बसल्या जागी विचार, तोही म्हणेल, मी ठणठणीत आहे. जिना चढायला लाव, मग कळतं."

ठेकेदार वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुवारी बारा दारं उभी राहायला हवीत. शुक्रवारी घरांच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. नाही जमलं तर मला दुसरी जोडी आणावी लागेल, आणि एकदा आणली की तीच पुढे चालेल. मला वाईट वाटेल, पण आणावी लागेल."

त्याच संध्याकाळी फोनवर निरोप आला: गुरुवारी गल्लीत खांबांचं काम, नऊ ते पाच वीज बंद. इकडे आड, तिकडे विहीर.

गुरुवारी सकाळी धाकट्याने आणि वहिनीने नेहमीसारखं दादाला वळवलं. अंगाने थोराड माणूस, वळवायला दोघं लागायचे; म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, मधला सगळा भार गादीवर. वहिनी गल्लीपलीकडच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि एक वाजता दादाला जेवण द्यायला येऊन जायची. ती डबा भरायला आत गेली. धाकट्याने पेटीतून तीन जाड बॅटऱ्या काढल्या, तीन बारक्या बसवल्या. त्याने एकेकीचं बटण दाबलं.

"दादा, चार आहेत. तिन्हींवर चार."

दादाने दिव्यांकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "हो," तो म्हणाला, "चार आहेत. नीघ आता. बारा दारं आहेत."

खरं सांगायचं तर त्या दिवशी धाकट्याला मजा आली. कित्येक महिन्यांनी ड्रिल भरल्या गळ्याने बोलत होतं. स्क्रू लोण्यात गेल्यासारखे जात होते. मजुरीवर घेतलेला एक हमाल दार तोलून धरी, आणि हा एकामागून एक बिजागऱ्या ठोकत सुटला होता. दुपारी जेवताना एकदा त्याला घर आठवलं. पेटी चालू असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि डब्याचं झाकण लावलं. साडेचारला बारावं दार अलगद मिटलं. ठेकेदाराने पाठ थोपटली आणि पुढची इमारतही त्यालाच दिली.

घरी आला तेव्हा पेटी गप्प होती. पंखा थांबलेला. गादी पार बसून खाटेच्या फळीला टेकली होती, आणि तिच्यावर दादा उताणा पडून छताकडे बघत होता. उशाशी फोन होता. डब्याला हात लागला नव्हता.

"कधी बंद पडली?"

"झाले असतील दहा-बिहा."

"दहा? मग फोन का नाही केलास?"

"कशाला? दुखत थोडंच होतं."

वहिनी मागोमाग आली. लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींचा ढीग आला, एक वाजता मालकिणीने सोडलं नाही, असं ती धापा टाकत म्हणाली. दोघांनी दादाला वळवलं. माकडहाडापाशी तळहाताएवढी जागा काळीजांभळी झाली होती. वहिनीने तिला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

पाचव्या दिवशी ती जागा उघडली. डॉक्टरांनी विचारलं, "गादी बंद होती का?" धाकट्याचं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "पेटी बिघडली. हल्लीचा माल, काय सांगायचं!" डॉक्टरांनी मान हलवली. त्यानंतर ते हलक्या आवाजात बोलायला दाराशी गेले नाहीत. तिथेच बसून सांगितलं, जखम हाडाला लागली आहे, ताप येत राहील, औषधं द्यायची तेवढी देऊ.

धाकटा आता चांगल्या बॅटऱ्या रोज घरीच ठेवायचा. पुन्हा पाच मजले उतरायचे, पाच मजले चढायचे. ठेकेदार आता काही म्हणत नव्हता. बैल गेला नि झोपा केला. दादाचा ताप उतरेना. खोलीत एक वास राहायला लागला, तो खिडक्या उघडल्या तरी जाईना. दादाची जीभही मंदावली. एकदा धाकटा चहा सांडून बसला तरी तो काही बोलला नाही, तेव्हा धाकट्याला रडू फुटलं.

एका रविवारी वहिनी मागच्या नळावर जखमेची फडकी धूत होती. धाकटा तिच्याजवळ उकिडवा बसला.

"वहिनी, पेटी बिघडली नव्हती. चांगल्या बॅटऱ्या मी नेल्या होत्या."

तिने फडकं पिळलं. "माहीत आहे, भावोजी. तुम्ही पिशवीत घालत होता, तेव्हा मी डबा घेऊन दारात उभी होते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही ठेवून गेला असता. मग काम गेलं असतं. माझ्या इस्त्रीवर तिघं कसे जगणार?" तिने दुसरं फडकं घेतलं. "आणि मालकिणीने मला सोडलं नाही, तेही खोटं. मी विचारलंच नाही. आले असते आणि गादी बसलेली दिसली असती, तर तुम्हाला फोन करावा लागला असता. मी म्हटलं, एकच दिवस आहे. निभावेल."

नळ वाहत राहिला. आजवर आपण एकट्यानेच हे केलं, या ओझ्याखाली धाकटा वाकला होता. आता कळलं, की त्या सकाळी तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांनीही बारा दारं निवडली होती. पण ओझं वाटून हलकं झालं नाही. दादाने ते निवडलं होतं, हे तर त्याला अजिबात सोसेना.

मागची खिडकी उघडीच होती. आतून दादाचा आवाज आला, खोल गेलेला, पण स्पष्ट. "उद्या किती दारं आहेत रे?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. "चौदा," तो म्हणाला.

"मग चांगल्या तिन्ही घेऊन जा. मला आता त्यांचं काय काम?"

वहिनीने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिन्ही बॅटऱ्या पेटीतून काढून पिशवीत घातल्या, आणि बारक्यांचे दिवे या वेळी कुणी बघितले नाहीत.