भिंतीतला कापूस

घनसावंगीतल्या आमच्या घराची मागची खोली पत्र्याची, तीही पश्चिमेकडची. उन्हाळ्यात नुसती भट्टी. मी लहान असताना वडिलांनी त्यावर अक्कल लढवली. पत्र्याच्या भिंतींना आतून प्लायवूड ठोकलं आणि मधल्या पोकळीत, व्यापारी हातही लावत नाही असा किडका कवडी कापूस ठासून भरला. गोधडी थंडी अडवते, तर ऊन का नाही अडवणार, असा त्यांचा सवाल. खोली खरंच गार झाली. लोक बघायला यायचे आणि मी ऐटीत भिंतीला हात लावून दाखवायचो.

यंदा मुलगी दहावीत गेली. खोली तिचीच, म्हणून रंग द्यायचा ठरवला. दबून खाली बसलेला कापूस काढून दगडाच्या तंतूंची, न जळणारी रॉकवूलही भरून घेणार होतो. चांगलं आहे ते कशाला उकरता, असं वडील म्हणाले. जुनं ते सोनं असतं तर पत्रा गंजला नसता, असं मी फटकन बोलून गेलो. माझ्या जिभेला हाड नाहीच.

सुताराने मुलीच्या पलंगामागचं प्लायवूड काढलं आणि तो दोन पावलं मागे सरला. मेन स्विच आधी बंद करा, म्हणाला. पंख्याच्या वायरीभोवतीचा हातभर कापूस जळून कोळसा झाला होता. पंखा बसवताना वायर उघडी दिसायला नको म्हणून मीच ती पोकळीतून ओढून घेतली होती. काळी भुकटी मुलीच्या उशीवर सांडली. मी मेन स्विच पाडला आणि वायरमनला बोलावलं.

तो म्हणाला, हे आजचं नाही, कित्येक महिने आतल्या आत धुमसत होतं. कापूस घट्ट ठासलेला, हवा मिळाली नाही, म्हणून भडका उडाला नाही. वडील दारातच खाली बसले.

"म्या माझ्या हातानं भरला व्हता," एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले.

तेव्हा मला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात जेवताना मुलगी म्हणाली होती, खोलीत जळका वास येतो. अभ्यास टाळायचं नवं निमित्त समजून मी तिला भरल्या ताटावर झाडलं होतं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि मला वाटलं, बघा, आली ताळ्यावर.

ती शाळेतून आली. भिंतीकडे बघत उभी राहिली. तो वास पुन्हा कधी आला होता का, मी विचारलं.

"रोजच येऊन राह्यला, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही चिडता, म्हणून मंग मी सांगायचंच सोडलं."