घरच्या बोलीतली प्रार्थना

शांतीबाईला प्रार्थना येत नाही, असं कुणी म्हटलं असतं तर पाड्यावरची अख्खी मंडळी हसली असती. चिंचपाड्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यावर पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. तिथली बुधवारची बायकांची सभा शांतीबाईच चालवायची. 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या' म्हणून तिनं सुरुवात केली की 'आमेन'पर्यंत कुठं अडखळणं नाही. सगळं शुद्ध मराठीत. घरी सगळे मावची, म्हणजे इथली आदिवासी बोली, बोलतात. भांडण मावचीत, लाड मावचीत, मेलेल्यासाठी रडणंही मावचीतच. पण प्रार्थना मराठीत करायची, ही जुन्या पाळकांपासूनची रीत. आश्रमशाळेत असताना तिनं ते शब्द पाठ केले होते आणि पुढे तेच चालले.

एका नाताळानंतर नवापूरकडे संजीवन सभा भरली. उपदेशक विपुल जीवनाबद्दल बोलले. येशू ते द्यायलाच आला, म्हणाले. सगळ्यांनी हात वर करून आमेन म्हटलं, शांतीबाईनंही. परत येताना टेम्पोत जसोदाबाई शेजारी बसली होती. ही म्हातारी विधवा. सभेत कायम मागच्या भिंतीला टेकून बसायची, पण तोंड उघडून प्रार्थना तिनं कधीच केली नव्हती.

"शांती, ते विपुल म्हणजे काय गं?" तिनं विचारलं.

"म्हणजे... पुष्कळ."

"काय पुष्कळ?"

शांतीबाईला उत्तर देता येईना. शब्द अडला म्हणून नव्हे. ती वस्तूच आपल्याजवळ नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम उरकून ती थेट पाळक वीरसिंग यांच्याकडे गेली. पाळकांनी नीट समजावलं. विपुल म्हणजे भरून वाहणारं, आत्म्यानं भरलेलं जीवन.

"तुमच्याजवळ आहे का ते, पाळकसाहेब?"

वीरसिंग सरळ माणूस. म्हणाले, "कधीकधी असतं."

"मला कधीकधी नको. रोजचं पाहिजे."

"मग माग. उपास कर, एकटी बस. मी तरी दुसरं काय सांगू?"

शांतीबाईनं तेव्हापासून शुक्रवारचा उपास धरला. रोज उजाडायच्या आधी उठून शेताच्या बांधावर बसायची आणि पाठ असलेलं सगळं म्हणायची. थंडी सरली, तूर घरात आली, तरी आतून कोरडंच. नवरा दोधू एकदा वैतागून म्हणाला, "एवढी वर्षं देवाचं करतेस, आणखी काय पाहिजे तुला?"

"त्यानं जे द्यायचं कबूल केलंय, ते पाहिजे," ती म्हणाली आणि उठली.

मग मोहाची फुलं पडायला लागली. पहाटे टोपली घेऊन ती झाडाखाली वेचत होती. एक बाजू वेचून वळली, तर वेचलेल्या जागेवर पुन्हा सडा. तिच्या तोंडून मावचीत निघून गेलं, "बा, किती टाकतोस रे!"

आणि ती दचकली. हे आपण कुणाला म्हणालो? देवाला 'बा' तिनं कधी म्हटलं नव्हतं. 'रे' तर नाहीच नाही.

पण बांध फुटला तो फुटलाच. काही वर्षांपूर्वी ती नि दोधू ऊसतोडीला गुजरातेत गेले असताना तिचं तान्हं पोर तापानं गेलं होतं. तेव्हा तिनं सगळ्यांसमोर 'तुझी इच्छा पूर्ण होवो' म्हटलं होतं, अगदी शुद्ध मराठीत. आता ती टोपली टाकून मावचीत ओरडली, "तेव्हा तू कुठं होतास? माझ्या पोराला कसं नेलंस?" जे पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं, शिव्यांसकट. मग ती पानांवरच बसून राहिली. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. पण कुणीतरी ऐकतंय, ऐकून रागावलेलं नाही आणि उठून गेलेलंही नाही, हे तिला पायाखालच्या मातीइतकं खरं कळलं.

बुधवारी तिनं सभा मावचीत सुरू केली. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. सभेतली जुनी मंगलाबाई उठून पाळकांकडे गेली. देवाच्या घरात चुलीपुढची भाषा आणली म्हणाली. पाळक आले. "शांतीबाई, उपासनेला एक मान असतो."

"येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी देशोदेशीच्या लोकांत ज्यानं त्यानं आपल्याच बोलीत ऐकलं, हे बायबलातलं तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं," पाळक म्हणाले. "पण मंडळी दुखावली जाते, तेही मला बघावं लागतं. रविवारी हे नको."

"रविवारी नाही करणार. पण बुधवारी थांबणार नाही."

ती थांबली नाही. बऱ्याच बायका यायच्या बंद झाल्या. कधी चौघीजणी, कधी तिघी. शांतीबाई झाडून घ्यायची, चटई टाकायची आणि जेवढ्या असतील तेवढ्यांबरोबर बसायची.

पावसाळ्यात एका बुधवारी जसोदाबाई भिंतीपासून सरकून पुढं आली. खोकली आणि मावचीत बोलायला लागली. आधी गुडघ्यांचं सांगितलं, मग हरवलेल्या शेळीचं. बायका गालातल्या गालात हसल्या. मग म्हणाली, "बा, मी सुनेला वांझ म्हटलं. माझ्या तोंडानं म्हटलं. आता तिच्याशी बोलायला मला तोंड दे."

तिची सून रविना समोरच बसली होती. तिनं मान वर केली नाही. तशीच सरकत पुढं आली आणि सासूच्या गुडघ्यावर हात ठेवून रडायला लागली.

पाळक वीरसिंग काही निरोप द्यायला आले होते. दारातच चपला काढून उभे राहिले. सभा संपल्यावर शांतीबाईला म्हणाले, "या रविवारी एक प्रार्थना तू कर. तुमच्या बोलीत. मंगलाबाईला मी सांगतो."

मंगलाबाई अजून रागावलेलीच आहे. रविवारी येते, बुधवारी येत नाही. शांतीबाई तिच्या दारावरून जाताना हाक मारल्याशिवाय राहत नाही. शनिवारी ती नाल्यापलीकडच्या पाड्यावरही जायला लागली आहे. तिथल्या बायका म्हणतात, आम्हाला प्रार्थना येत नाही. ती म्हणते, भांडता येतं ना? मग येते.

कोरडे दिवस तिलाही येतात. पहाटे बांधावर जाते आणि शब्दच सुचत नाहीत. पूर्वी तिला त्याची भीती वाटायची. आता म्हणते, "बा, आज काही नाही, नुसती बसायला आलेय." आणि उजाडेपर्यंत बसते.