नखात परतणारा रंग

समोरच्या माणसाचे नख चिमटीत धरून तो दाबी, सोडी, आणि पांढऱ्या पडलेल्या नखात गुलाबी रंग परतेपर्यंत डोळे हलवीत नसे. मग म्हणे, "आलं जी. पाणी पोचलं." पाणी म्हणजे रक्त.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी तेव्हा परांच्यांच्या आड उभी राहत होती. एका कंत्राटदाराच्या प्रथमोपचार केंद्रात, म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत, तो ड्रेसर होता. मी शरीरक्रियाशास्त्र घेऊन नागपूरहून बी.एस्सी. झाले होते आणि वैद्यकीय प्रवेशाची वाट पाहत होते. तो जखमा बांधी, मी वहीत नोंद करी. पहिल्याच आठवड्यात मी त्याला शिकवायला बसले, यावरून माझा स्वभाव तुमच्या ध्यानात येईल.

मी सांगितले की हृदय सर्व अवयवांना सारखे रक्त वाटत नाही. धमन्यांच्या अगदी बारीक फांद्यांभोवती स्नायूचे वेटोळे असते; ते आवळले की प्रवाह घटतो, सैल पडले की वाढतो. जो भाग काम करतो त्यातूनच अशी द्रव्ये सुटतात, की त्याच्या दाराशी असलेले वेटोळे सैल होते.

पट्टी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "म्हंजे तलावाले काई समजत नाई. बांधीच सांगते."

बांधी म्हणजे धानाचे शेत. भंडाऱ्याकडच्या त्याच्या गावात त्याचा बाप पाणकर होता. तलावाचे पाणी शेतांना वाटून देणारा. तो अनवाणी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून फिरे, चिखलात पाय रोवून कोणाची बांधी सुकली ते ओळखी, आणि तिथलाच धुरा फोडी. बांधी भरली की मातीने पुन्हा बुजवी.

"तुमच्या पुस्तकवाल्याइले हे समजाले किती वरसं लागली?"

"बरीच."

"माह्या बापाले इचारलं असतं न!"

मला हसू आले आणि थोडा रागही आला. त्या दिवसापासून मात्र प्रत्येक पट्टीनंतर मीही नख दाबून पाहू लागले.

थंडीत तो सर्वांच्या आधी येई आणि स्टोव्हवरच्या कोमट पाण्यात हात बुडवून बसे. मी ही स्वच्छता समजले. केंद्रावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरांजवळ तिचे कौतुकही केले.

मग एका सकाळी त्याने अवजड लोखंड चढवणाऱ्या एका खलाशाच्या चेंगरलेल्या तळव्याला पट्टी बांधली. पट्टीबाहेर आलेले बोट मी दाबले, मोजू लागले. रंग येईना, नख निळसर होऊ लागले.

"भाऊ, पट्टी आवळली."

त्याने कात्री घेऊन ती सरळ कापली. रंग धावत आला. "मोर हाथ ला बोरा समझे का, बाबू?" माझ्या हाताला पोते समजलास का, असे विचारत खलाशी कण्हत हसला. त्याची पट्टी मग मी बांधली.

खलाशी गेल्यावर त्याने आपले दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. बोटांची टोके खडूसारखी पांढरी होती. "किती आवळली ते मले समजूनच नाई राहिलं, बाई. खाणीतल्या मशीननं बोटं खाल्ली."

मँगनीजच्या खाणीत त्याने वर्षानुवर्षे ड्रिल चालवले होते. त्या थरथराटाने बोटांतली वेटोळी अशी बिघडली होती, की गारठा लागताच आवळत आणि लवकर सुटत नसत. कारण मी धडाधड सांगितले. उपाय मला माहीत नव्हता.

"मी तुमची प्रत्येक पट्टी तपासत जाईन," मी म्हणाले. "कोणाला कळणार नाही."

"अन् तुमी नागपूरले गेल्यावर?"

त्याच दिवशी तो स्वतः डॉक्टरांकडे गेला. ड्रेसिंगचे काम त्याचे त्यालाच सोडावेसे वाटले. फाटकावर पहाऱ्याला बसवतो, असे ते म्हणाले. त्याने नको म्हटले. गावी त्याचा पाणकर बाप आता थकला होता.

"पायाले अजून समजते जी," तो मला म्हणाला.

मला प्रवेश मिळाला. बोटांवरचा उपाय मी प्राध्यापकांना विचारला, ग्रंथांत शोधला, आणि जे सापडले ते त्याच्या गावच्या पत्त्यावर लिहून पाठवले. उत्तर आले नाही. त्याला वाचता येत होते का, हे मी कधी विचारलेच नव्हते. वही नेहमी माझ्याकडेच असे. वॉर्डात आम्हाला नख दाबून मोजायला शिकवतात. रंग आला की सगळे पुढच्या खाटेकडे वळतात. मी क्षणभर मागे राहते. "आलं जी" असे कोणी म्हणेल, असे वाटत राहते.

त्याआधी, भिलाई सोडायच्या सकाळी, तो गाठोडे घेऊन दुर्गकडे जाणाऱ्या ट्रकची वाट पाहत उभा होता. मी त्याचे बोट चिमटीत धरले आणि नख दाबले. तो लाजला. "माहं कोनं दाबलं नोतं आजवरी."

मी सोडले. नख पांढरेच राहिले. पाच झाले, आठ झाले.

"थांबा न जी," तो म्हणाला. "येते."

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. बारापर्यंत मोजून झाले होते, तेव्हा त्याने गाठोडे उचलायला हात काढून घेतला.