दगूड निवडायला बांगड्या काढल्या तवा

आमच्याच माळावरचा काळा दगूड फोडून, त्येचा बारीक चुरा करून नातीची मॅडम आमच्या अंगणात आली. नात विश्रामबागला कालेजात तिच्या हाताखाली शिकती. पांढरा कागुद आथरला, वर दगडाचं तुकडं वतलं. तांबूस साल चढल्यालं, पांढरं डाग आसल्यालं टाकायचं आन् निव्वळ काळं ठिवायचं. नात म्हणली, "आज्जे, तू बस की. सारा जलम खडी फोडलीस."

बसले. तर मॅडम म्हणती, "आजी, आधी बांगड्या काढा."

डोस्कंच फिरलं माजं. मालक गेलं तवा बायकांनी धरून माजं हात पायरीवर आपटलं. मनगटात काच घुसली. कुणी बघितलं न्हाई. पोरगं कडंवर घिऊन खाणीवर गेले, तर मुकादम सकाळच्या पारी माजं त्वांड बघायचा न्हाई. पाट्या मातूर भरून घ्यायचा. लय वर्सं तशीच भुंड्या हातानं काढली. ही नात झाली तवा कासारापुढं बसले आन् हिरव्यागार बांगड्या भरून घेतल्या. भावकी बोलली. बोलू दे.

"न्हाई काढत," म्या म्हणलं. "हात तर लावून बघा."

नात रडकुंडीला आली. "आगं, सगळं काम वाया जाईल माजं! पुन्ना न्हाई जमायचं."

"जाऊ दे वाया. मला इचारून आणलंवतास व्हय?"

मॅडम माझ्यासंगट भुईला बसली. म्हणली, "आजी, बांगडीवर सोनेरी वर्ख आहे. त्याचा कण पडला तर दगडाचं माप चुकतं. ह्यात काही धातू अगदी कणभर असतात. ते मोजले की कळतं, जमिनीच्या पोटात हा दगड वितळला तेव्हा तिथं ऑक्सिजन किती होता. माझ्या पण काढल्यात, बघा." खरंच. मंगळसूत्र बी पर्समधी.

"आन् काम झाल्यावर?"

"परत घालायच्या की!"

येवढं सांगाय कितीसा येळ लागतो? तवा म्या वरडत हुते, का फोडताय गं, का? येकीनं सांगितलं न्हाई. आजून अंगाची आग हुती.

साबण लावून म्याच काढल्या. येक बी तडकू दिली न्हाई. मग निवडाय बसले.

दुपारी थोरली जाऊ आली. माजं हात आपटताना हीच म्होरं हुती. मोकळी मनगटं बघून गालात हासली. "बरं केलंस बाई. वयाला शोभतंय आता."

मॅडमनं मान वर केली. नात म्हणली, "आज्जे, ऱ्हाऊ दे."

"आक्का, बसा," म्या म्हणलं. "जायाचं न्हाई."

शेवटची पिशवी बांधून हुईस्तवर बसवली तिला. मग हात धुतलं, बांगड्या आणून तिच्या मांडीवर ठिवल्या आन् मनगाट म्होरं केलं.

"भरा."

"मी? आगं, कुणी बघंल..."

"बघू दे. भरा म्हणते न्हवं!"

तिनं रस्त्याकडं बघत बांगडी उचलली. येक चढली. म्या हात मागं घेतला न्हाई.